कंपनी स्वतःचाच विमा काढते म्हणजे काय करते?

तुमचा प्रश्न असा, की कंपनीने स्वतःचीच विमा कंपनी काढून तिलाच प्रीमियम भरला तर ते या खिशातलं त्या खिशात टाकणंच झालं ना? मी पुण्यात बसून एका परदेशी समूहाचे क्लेम बघतो. सुरुवातीला मलाही हेच वाटायचं.

अशा विमा कंपनीला ‘कॅप्टिव्ह’ म्हणतात. हा शब्द १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रेड रीस यांनी रूढ केला. ओहायोतल्या एका पोलाद कंपनीच्या खाणींचं खनिज फक्त तिलाच जायचं, त्या ‘कॅप्टिव्ह’ खाणी. तोच शब्द त्यांनी विम्याला लावला. कॅप्टिव्हला रीतसर परवाना लागतो, भांडवल लागतं. बर्म्युडा, केमन, गर्न्सी, अमेरिकेतलं व्हर्माँट ही तिची नेहमीची घरं. जिथे कायद्याने स्थानिक पॉलिसीच लागते, तिथे स्थानिक विमा कंपनी पॉलिसी देते आणि जोखीम पुनर्विम्याने, म्हणजे विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीसाठी काढलेल्या विम्याने, कॅप्टिव्हकडे पाठवते.

फायदा मला एका गोदामात दिसला. तिथे फोर्कलिफ्ट वळताना आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरच्या एकाच पाइपला पुन्हा पुन्हा धडकायची. पाणी सुटायचं, खोकी भिजायची, बाहेरची विमा कंपनी पैसे द्यायची आणि विषय मिटायचा. कॅप्टिव्ह आल्यावर तेच क्लेम आमच्या हिशेबात डोळ्यांत खुपायला लागले. त्या गोदामाचा प्रीमियम वाढवला, तशी महिन्याभरात पाइपसमोर पिवळे लोखंडी खांब उभे राहिले! शिवाय नुकसान कमी झालं त्या वर्षी उरलेला प्रीमियम आपल्याकडेच राहतो आणि पुनर्विमा कंपन्यांशी थेट बोलता येतं.

पण मोठ्या नुकसानीसाठी पुनर्विमा घेतलाच नाही, तर तुमची शंका शंभर टक्के खरी. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीचंच बघा. तिची ज्युपिटर नावाची कॅप्टिव्ह गर्न्सीत होती. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या रिगवर स्फोट झाला, ११ कामगार गेले. ज्युपिटरची भरपाईची मर्यादा ७० कोटी डॉलर होती. बीपीचा खर्च पुढे ६,५०० कोटी डॉलरच्या वर गेला. तो शेवटी बीपीच्याच तिजोरीतून गेला.

तुमच्या कंपनीत असा विचार चालू असेल तर गेल्या दहा वर्षांच्या क्लेमची यादी मागून घ्या. लहान आणि वारंवार होणारी नुकसानं जास्त असतील तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. दहा वर्षांत एकच मोठी आग असेल, तर ती जोखीम बाहेरच्याच विमा कंपनीकडे राहू द्या.