इप्पॉन सेओई नागे: जोडीदार पाठीवर लटकतो, कारण चूक वळण्याआधीच झालेली असते

तालमीत धोबीपछाड हमखास लागायचा, पण ज्युदोत त्याच धर्तीचा इप्पॉन सेओई नागे (समोरच्याचा एक हात खांद्यावर घेऊन त्याला पाठीवरून पुढे फेकायचा डाव) मारताना जोडीदार पाठीवर लटकतो, उलट तुम्हीच मागे ओढले जाता, असं तुम्ही लिहिलंय. ताकद वाढवून हे सुटणार नाही.

मातीत समोरचा पैलवान वाकलेला असतो, त्याचा भार आधीच चवड्यांवर असतो. हात खांद्यावर घेतला की निम्मं काम झालेलं असतं. ज्युदोका ताठ उभा राहतो, भार टाचांकडे. त्याला आधी पुढे आणावा लागतो. ज्युदोत याला कुझुशी म्हणतात, म्हणजे तोल मोडणं. तुमचा डाव इथेच अडतोय.

उजव्या हाताने मारताय असं धरून सांगतो. डाव्या हाताने त्याची उजवी बाही कोपराजवळ, बाहेरच्या बाजूने धरा. उजवा हात कॉलरवर. आता डावा हात खाली किंवा पोटाकडे ओढू नका. त्याच्या पुढच्या बाजूला, म्हणजे तुमच्याकडे, आणि वर न्या, करंगळी वरच्या बाजूला फिरवत, मनगटावरच्या घड्याळात वेळ बघतो तसा. कोपर खांद्याच्या उंचीला यायला हवं. ओढ बरोबर असेल तर त्याच्या टाचा जमिनीवरून सुटतात. त्या सुटल्या नाहीत तर वळूच नका, पुन्हा ओढा. आणि ही ओढ पुढचा सगळा वेळ चालूच राहिली पाहिजे. बहुतेकांची ती पाठ फिरवताना सैल पडते, आणि त्याच क्षणी समोरचा पुन्हा टाचांवर जातो.

ओढीबरोबरच उजवा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बोटांसमोर, साधारण वीतभर अंतरावर आणि थोडा आतल्या बाजूला टाका. अगदी चिकटून टाकलात तर वळायला जागा उरत नाही. चवड्यावर फिरा, डावा पाय मागून आणून त्याच्या दोन्ही पायांच्या आत ठेवा. तुमच्या पावलांमधलं अंतर खांद्यांपेक्षा कमी हवं, बोटं त्याच्या बोटांच्याच दिशेला. फिरताना अख्खा तळवा रोवलेला राहिला तर पीळ गुडघ्यावर बसतो. गुडघेदुखीची तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू होते.

वळता वळता उजवा हात कॉलर सोडून त्याच्या काखेखालून आत घाला आणि त्याचा दंड कोपराच्या बेचक्यात आवळा. गुडघे इतके वाकवा की तुमचा पट्टा त्याच्या पट्ट्याच्या खाली जाईल. कमरेतून मात्र वाकू नका. पाठ ताठ आणि त्याच्या छातीला पूर्ण चिकटलेली. मध्ये तळहात जाईल एवढी जरी फट राहिली, तरी तो वजन खाली टाकून बसतो.

तालमीची सवय इथे घात करते. हात मिळाला रे मिळाला की दोन्ही हातांनी तो धरून पुढे झुकायचं. उघड्या, घामेजलेल्या अंगावर पकड टिकवायला ते ठीक, इथे नाही. आधी झुकलात की ढुंगण मागे जातं, तो ढकलला जातो आणि फट पडते. उचल गुडघे सरळ करण्यातून येते. ते सरळ होत असतानाच डावा हात तुमच्या डाव्या कमरेकडे ओढा, मान डावीकडे वळवा, उजवा खांदा डाव्या गुडघ्याच्या दिशेने न्या. तो तुमच्या समोर पडेल. बाही शेवटपर्यंत सोडू नका. त्या आधारामुळे तो कुशीवर येऊन डाव्या हाताने मॅटवर नीट थाप देऊ शकतो, डोकं आपटत नाही.

चूक ओळखायची खूण सांगतो. तुम्ही मागे खेचले जात असाल तर कंबर उंच आहे किंवा तुमचाच भार टाचांवर आहे. तो उजवीकडून फिरून समोर येत असेल तर तुम्ही अर्धेच वळलात. दोघेही पुढे कोसळत असाल तर ओढ संपून नुसतं झुकणं उरलंय. या शेवटच्या प्रकारात स्वतःचं डोकं मॅटवर जाण्याचा धोका असतो. डोक्यावर सूर मारून डाव टाकला तर स्पर्धेत थेट हान्सोकु-माके मिळतं, म्हणजे बाद ठरवून हार, आणि मानेचं नुकसान त्याहून मोठं.

दोन्ही गुडघे टेकवून मारायचा प्रकार सध्या नकोच. तसंच तोशिहिको कोगाच्या चित्रफिती जरूर बघा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ७१ किलो गटाचं सुवर्ण जिंकणाऱ्या या खेळाडूचा हा हुकमी डाव. पण त्याच्यासारखे पाय फाकवायला जाऊ नका, फक्त त्याची ओढ घ्या.

सरावासाठी सायकलची जुनी ट्यूब खांबाला छातीच्या उंचीवर बांधा. दहा-दहाच्या पाच फेऱ्या, प्रत्येक वेळी फक्त ओढ आणि वळण. मग जोडीदाराबरोबर तेवढीच उचिकोमी, म्हणजे त्याला न पाडता पुन्हा पुन्हा डावात शिरण्याचा सराव. दर दहाव्या वेळी त्याला विचारा: टाचा सुटल्या का? सलग दहा वेळा 'हो' आलं की जाड गादीवर पाडायला घ्या, तेही उकेमी (इजा न होता पडण्याचं तंत्र) पक्की असलेल्या जोडीदारालाच.