कोतोन राहू द्या, आधी त्या ‘एफडी’चं बघू

नाशिकच्या एक ताई लिहितात: ‘वय ५६, खासगी नोकरी, दोन वर्षांनी निवृत्ती. फ्रान्समध्ये शिकणारी मुलगी कायमची परत येतेय. येताना कोतोन द तुलेआर जातीच्या कुत्र्यांची जोडी आणायची म्हणते. खर्च ६ लाख. पिल्लू लाखाला जाईल, दोन वर्षांत पैसे वसूल. त्यासाठी बँकेतली एफडीसारखी स्कीम मोडू का? वर्षाला दीड लाखाचे १० हप्ते, ३ भरलेत. २० वर्षांनी २७ लाख नक्की मिळणार.’

ताई, जोडी नको. विक्रीसाठी पैदास करायला परदेशातून कुत्री आणता येत नाहीत, २०१६ पासून तसा नियम आहे. मुक्काम हलवून परतणाऱ्याला घरचं पाळीव कुत्रं कागदपत्रांसह आणता येतं, तेवढंच. म्हणजे वसुलीचा हिशेब इथेच संपला.

कुत्रं मात्र खरंच लोभस. मादागास्करमधल्या तुलेआर बंदराचं नाव त्याला मिळालंय, आणि ‘कोतोन’ म्हणजे फ्रेंचमध्ये कापूस. वजन पाचेक किलो, माणसाला चिकटून राहणारं. पण त्या कापसाच्या गाठी होतात, रोज विंचरावं लागतं. आयुष्य पंधराएक वर्षांचं. महिना ५ हजार धरले तरी ९ लाख झाले. एकच आणा, आणि हा खर्च मुलीच्या पगारातून व्हावा.

आता तुम्ही न विचारलेलं. ती एफडी नाही, विमा पॉलिसी आहे. बँकेत बसून विकली म्हणून कोणी एफडी होत नाही, आणि ५३ वर्षांच्या बाईला २० वर्षांची पॉलिसी एफडी म्हणून विकणाऱ्याचा मला संताप येतो. पगार ५८ व्या वर्षी थांबणार, हप्ते त्यानंतरही चालूच. पैसे हातात येणार ७३ व्या वर्षी. १५ लाखांचे २७ लाख ऐकायला मोठे वाटतात, पण व्याज पडतं जेमतेम ४ टक्के.

उरलेले ७ हप्ते म्हणजे साडेदहा लाख. पॉलिसीत त्यांचे साधारण १९ लाख होतील. तेच पीपीएफ या सरकारी बचत योजनेत आजच्या ७.१ टक्क्यांनी तेवढ्याच काळात २७ लाखांच्या आसपास जातात. म्हणून पुढचा हप्ता भरू नका.

पण मोडूही नका. तिसऱ्या वर्षी मोडलेल्या पॉलिसीत भरलेल्यातले निम्मेही हाती न येण्याची शक्यता बरीच असते, म्हणजे साडेचार लाखांतले दोनसुद्धा कठीण. त्यापेक्षा ‘पेड-अप’ करा: हप्ते बंद, भरलेल्याच्या प्रमाणात रक्कम मुदतीअंती. तीन दशांश धरले तर ८ लाख. विमा कंपनीकडून सरेंडर (म्हणजे आत्ता मोडली तर) आणि पेड-अप, दोन्ही आकडे लेखी मागवा. तोंडी आकड्यावर सही करू नका, एकदा तशी केली आहेच.

आणि ताई, तुमच्या पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख नाही. कंपनीचा असेल तर तो नोकरीबरोबर संपेल. वाचलेल्या दीड लाखातून स्वतःची पॉलिसी याच वर्षी घ्या, कारण जुन्या आजारांचा खर्च मिळण्यासाठी आधी थांबावं लागतं, आणि तो काळ नोकरीत असतानाच सुरू व्हायला हवा. ते दोन आकडे आले की मला पाठवा, पुढचं मिळून ठरवू.