वय ७३, प्रोस्टेटचा कर्करोग: शस्त्रक्रिया, शेक की नुसते लक्ष ठेवणे?

आपण लिहिले आहे की वडिलांचे वय ७३ आहे, पीएसए (प्रोस्टेटच्या आजारात वाढणारा रक्तातला आकडा) ११.६ आहे, तुकडा तपासणीत (बायोप्सीत) आजाराची तीव्रता सांगणारा ग्लीसन आकडा ३+४=७ आला आहे, एमआरआयमध्ये गाठ ग्रंथीच्या आतच दिसते, हाडांचा स्कॅन स्वच्छ आहे आणि चार वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. एक डॉक्टर या महिन्यातच रोबोटने शस्त्रक्रिया करा म्हणतात, दुसरे शेक (किरणोपचार) आणि संप्रेरक रोखणारी इंजेक्शने सुचवतात, तर काकांचे म्हणणे असे की या वयात हातच लावू नये. वडिलांना मात्र घरच्यांनी ‘प्रोस्टेट वाढली आहे’ एवढेच सांगितलेले आहे.

मी डॉक्टर नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे, साताऱ्याला राहतो. २०१९ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, माझ्या हातात जवळजवळ असाच रिपोर्ट आला होता आणि मलाही त्याआधी हृदयात स्टेंट बसवलेला होता. त्यामुळे मी जे लिहितो आहे ते रुग्णाच्या बाजूने लिहितो आहे. अंतिम सल्ला आपल्या डॉक्टरांचाच घ्यावा.

पहिली गोष्ट ‘या महिन्यातच’ या शब्दांविषयी. मलाही एका ठिकाणी हेच सांगण्यात आले होते आणि दोन दिवसांत आगाऊ रक्कम भरण्याचा आग्रह झाला होता. त्या दोन रात्री मी झोपलो नाही. नंतर कळले की गाठ ग्रंथीच्या आत असलेला, या दर्जाचा आजार बहुधा सावकाश वाढतो आणि विचार करण्यासाठी काही आठवडे घेतल्याने नुकसान होत नाही. बायोप्सीच्या सुयांनी ग्रंथीला सूज आलेली असते, म्हणून शस्त्रक्रिया करायची ठरली तरी बहुधा काही आठवडे थांबूनच करतात. माझ्या बाबतीत बायोप्सीपासून पहिल्या उपचारापर्यंत अडीच महिने गेले. अर्थात लघवी पूर्ण तुंबली, पाठीच्या कण्यात नव्याने असह्य दुखू लागले किंवा पायांतली शक्ती जाऊ लागली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते.

या वेळेचा उपयोग एका कामासाठी अवश्य करा. ज्या प्रयोगशाळेत तुकडा तपासला, तेथून काचा (तुकड्याचे पातळ काप लावलेल्या स्लाइड) आणि तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या व दुसऱ्या, मोठ्या कर्करोग रुग्णालयातील तज्ज्ञाकडून त्या पुन्हा पाहून घ्या. ग्लीसनचा आकडा यंत्राने मोजलेला नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना किती बिघडली आहे हे पाहून तज्ज्ञ दोन अंक देतो, आणि त्यांची बेरीज म्हणजे तो आकडा. पहिला अंक सर्वांत जास्त आढळणाऱ्या रचनेचा असतो, म्हणून ३+४ आणि ४+३ यांची बेरीज सातच असली तरी दोन्ही आजार सारखे नसतात. चार अंकाच्या पेशी जिथे जास्त, तो आजार अधिक आक्रमक. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये ४+३ होते. मुलगा काचांची छोटी प्लास्टिकची डबी रुमालात गुंडाळून, मांडीवर ठेवून मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला घेऊन गेला. तेथे त्या पुन्हा पाहिल्यावर ३+४ ठरले. पुढचा सगळा विचार त्या एका अदलाबदलीने हलका झाला. मुंबईला जाणे जमत नसेल तर टाटा मेमोरियल आणि राष्ट्रीय कर्करोग जाळे (नॅशनल कॅन्सर ग्रिड, देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांचा गट) यांच्या वतीने कागदपत्रे पाठवून तज्ज्ञांचे लेखी मत घेण्याची ऑनलाइन सोयही आहे.

आता काकांच्या म्हणण्याविषयी. ते अडाणीपणाचे आहे असे समजू नका, त्याला आधार आहे. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात निदान झालेल्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले गेले: एका गटावर नुसते लक्ष ठेवले, दुसऱ्यावर शस्त्रक्रिया केली, तिसऱ्याला शेक दिला. ‘प्रोटेक्ट’ नावाच्या त्या चाचणीचे पंधरा वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपासच होते आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक होता तो आजार पसरण्यात: लक्ष ठेवलेल्या गटात तो ९.४ टक्के लोकांत पसरला, उरलेल्या दोन गटांत सुमारे ५ टक्के लोकांत. शिवाय लक्ष ठेवलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनी पुढे केव्हातरी शस्त्रक्रिया किंवा शेक घेतलाच.

पण हे आकडे काकांसमोर ठेवताना दोन गोष्टी सांगाव्या लागतील. एक, त्या चाचणीतले लोक भरतीच्या वेळी ५० ते ६९ वर्षांचे होते आणि बहुतेकांचा आजार आपल्या वडिलांपेक्षा सौम्य होता. पीएसए दहाच्या वर आणि ग्लीसन ७ ही दोन लक्षणे एकत्र आली की डॉक्टर त्याला मध्यम जोखमीतला, पण वरच्या बाजूचा आजार मानतात. दोन, ‘लक्ष ठेवणे’ म्हणजे घरी बसणे नव्हे. ठरावीक महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय, गरज पडल्यास पुन्हा बायोप्सी, आणि आजार पुढे सरकला की बरा करण्याचा उपचार, असा तो शिस्तीचा कार्यक्रम असतो. काकांच्या मनात आहे ती दुसरीच गोष्ट, म्हणजे त्रास होईपर्यंत काही करायचे नाही आणि झाल्यास तेवढ्यापुरते औषध द्यायचे. ज्यांचे बाकीचे आजारच गंभीर आहेत आणि दहा वर्षे जगण्याची फारशी शक्यता नाही, त्यांच्यासाठी ही निवड अगदी योग्य असते. तेव्हा खरा प्रश्न वडिलांच्या वयाचा नसून त्यांच्या तब्येतीचा आहे. ते शेतावर चालत जातात का, दोन जिने न थांबता चढतात का, आपली औषधे आपण घेतात का, त्यांचे हृदय किती टक्के काम करते? वय ७३ असून पुढची बारा-पंधरा वर्षे सहज काढतील अशी माणसे मी आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात रोज पाहतो, आणि ६५ व्या वर्षी थकलेलीही पाहतो.

वडिलांची तब्येत चांगली असेल तर निवड शस्त्रक्रिया आणि शेक यांत उरते. शस्त्रक्रियेच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो, आणि तो खराही आहे: शस्त्रक्रियेनंतर आजार परतला तर शेक देता येतो, पण शेकानंतर शस्त्रक्रिया करणे फार अवघड होते. पंचावन्न वर्षांच्या माणसासाठी हा मुद्दा मोठा आहे. ७३ व्या वर्षी, हृदयाची औषधे चालू असताना, मला तो तितका मोठा वाटला नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करायची, भूल घ्यायची, मग लघवीची नळी, आणि नंतर लघवीवरचा ताबा किती परत येईल याची वाट पाहायची. त्याच ब्रिटिश चाचणीतल्या रुग्णांना वर्षानुवर्षे विचारले गेले, तेव्हा बारा वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या गटातले २४ टक्के लोक लघवीसाठी पॅड वापरत होते, शेकाच्या गटातले ८ टक्के. शेकाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. शौचावरचा ताबा सुटण्याचा त्रास त्या गटात १२ टक्के लोकांना होता, म्हणजे इतर दोन गटांच्या दुप्पट. लैंगिक क्षमता दोन्हींत घटते, शस्त्रक्रियेत एकदम आणि शेकात हळूहळू. हा विषय मुलाने वडिलांशी बोलणे अवघड जाते हे मला समजते, म्हणून तो डॉक्टरांनी वडिलांशी एकट्याशी बोलावा अशी व्यवस्था करा. पण ‘या वयात त्याचे काय’ असे त्यांच्या वतीने कोणी ठरवू नये.

मी शेक निवडला. पूर्वी तो सात-आठ आठवडे चाले. ब्रिटनच्याच पुढाकाराने झालेल्या, ३,२०० हून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या एका चाचणीत वीस बैठकांचा शेक सदतीस बैठकांइतकाच उपयोगी ठरल्याचे २०१६ मध्ये दिसून आले आणि आता वीस बैठका सर्रास दिल्या जातात. काही निवडक रुग्णांना पाचच पुरतात. मी पुण्यात बहिणीकडे राहून चार आठवडे काढले. ओटीपोटावर आणि दोन्ही बाजूंना गोंदणाचे तीन बारीक ठिपके करतात, ते अजून आहेत. रोज शौचाला जाऊन यायचे, मग अर्धा लिटर पाणी पिऊन मूत्राशय भरेपर्यंत बाकावर बसायचे, कारण भरलेले मूत्राशय आतड्याला किरणांच्या वाटेतून दूर ठेवते. एकदा तपासून तंत्रज्ञ म्हणाली, “काका, अजून भरलं नाही, वीस मिनिटं थांबा,” आणि त्या वीस मिनिटांत बाकावर आम्ही पाच-सहा म्हातारी माणसे गुडघे जुळवून, कोणी काही न बोलता, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसलो होतो. प्रत्यक्ष यंत्राखाली काही मिनिटेच जातात आणि काहीही जाणवत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला जळजळ झाली, रात्री पाच-सहा वेळा उठावे लागले. बैठका संपल्यावर दीड महिन्यात ते थांबले.

शेकापेक्षा मला इंजेक्शनांनी जास्त थकवले, आणि त्याबद्दल आधी कोणी नीट सांगितले नव्हते म्हणून आपल्याला सांगतो. हा कर्करोग पुरुषांच्या संप्रेरकावर (हार्मोनवर) पोसला जातो. ते संप्रेरक तोडले की तो आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. मध्यम जोखमीच्या वरच्या बाजूच्या आजारात शेकाबरोबर चार ते सहा महिने हे संप्रेरक रोखणारी इंजेक्शने देतात, जास्त जोखमीत दीड ते तीन वर्षे. माझा आजार मध्यम जोखमीतला ठरल्याने कालावधी सहा महिन्यांच्या पुढे जाणार नाही एवढे तरी पक्के झाले. जानेवारीच्या थंडीत रात्री दोन वाजता अंगातून वाफ निघावी तसे होई, बनियन ओले होई आणि पाच मिनिटांनी हुडहुडी भरे. मांड्या बारीक झाल्या, साखर वाढली, लहानसहान कारणाने डोळे भरून येत. पत्नीला वाटे की मी मनाने खचलो आहे. तो औषधाचा परिणाम असतो हे घरात सर्वांना आधीच ठाऊक असले पाहिजे. हृदयाचा इतिहास असल्यामुळे पहिल्या इंजेक्शनाच्या आधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, हाडांची घनता मोजून घ्या, आणि वडिलांना रोज चालायला व थोडे वजन उचलायला लावा. मी पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या उचलत असे.

खर्चाची चिंता आपण लिहिली नाही, पण ती असतेच. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण दिले आहे. वय वंदना कार्ड आधारवर निघते. आपण निवडलेले रुग्णालय योजनेत आहे का आणि सुचवलेला उपचार तिच्यात बसतो का, हे दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) विचारा.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसलो ती. माझ्या मुलांनीही मला आधी सांगितले नव्हते. मुलगा आणि सून डॉक्टरांच्या खोलीत जात आणि मला बाहेर बसवत. एक दिवस फाईल माझ्या मांडीवर ठेवून मुलगा पैसे भरायला गेला, मी चष्मा लावला आणि स्वतःच वाचले. आजाराच्या नावाने मला जितका धक्का बसला, त्याहून जास्त वाईट या गोष्टीचे वाटले की माझ्या शरीराचा निर्णय तीन आठवडे माझ्यावाचून चालला होता. आपण मला विचारता की शस्त्रक्रिया की शेक, पण त्याचे उत्तर ज्या गोष्टींवर ठरते त्या फक्त वडिलांनाच माहीत आहेत. त्यांना पॅडची लाज अधिक वाटेल की गाठ अंगात ठेवून जगण्याची धास्ती? महिनाभर गाव सोडून शहरात राहणे त्यांना जमेल का? बाकावर माझ्या शेजारी लातूरकडचे एक शेतकरी त्यांच्या भावासोबत येत. त्या शेतकऱ्यांचा स्वतःचा प्रोस्टेटचा आजार हाडांत पसरलेला होता. दर तीन महिन्यांनी इंजेक्शनासाठी येणे परवडत नाही म्हणून त्यांनी दोन्ही वृषणे काढून टाकण्याची लहान शस्त्रक्रिया स्वतः निवडली होती, आणि ते हे मोकळ्या आवाजात सांगत. त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी हे ठरवले असते तर ते तसे सांगू शकले असते असे मला वाटत नाही.

म्हणून पुढच्या भेटीला वडिलांना बाहेर बसवू नका. आदल्या संध्याकाळी त्यांना रिपोर्ट वाचायला द्या, आजाराचे नाव घेऊन सांगा, आणि हेही सांगा की तो ग्रंथीच्या आत आहे व बरा करण्याचे उपचार आहेत. ते गप्प राहिले तर राहू द्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या. शस्त्रक्रिया करणारे आणि शेक देणारे, अशा दोन्ही डॉक्टरांना त्यांनी स्वतः भेटले पाहिजे. मधल्या काळात काचांची डबी परळला गेलेली असेल, तर ते उत्तर येईपर्यंत आगाऊ रक्कम कोठेही भरू नका.