कादंबरीचा सातबारा कोणाच्या नावावर?

प्रश्न : माझी सहा एकर कोरडवाहू शेती आहे. जून 2024 मध्ये पहिल्या कादंबरीसाठी एका प्रकाशकाला 45 हजार रुपये दिले, कापसाचेच होते. 2025च्या गुढीपाडव्यापर्यंत 300 प्रती मिळायच्या होत्या, 60 मिळाल्या. मुद्रांकावर एका पानाचा करार आहे. त्यात ‘कादंबरीचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील’ एवढंच लिहिलंय; मुदत नाही, रॉयल्टी नाही. आता मुंबईचे एक जण यावर वेबमालिका करू म्हणतात, तर प्रकाशक म्हणतो हक्क माझे. या भानगडीत दुसरी कादंबरी अर्ध्यावर अडली. मी लिवू का हिशोबच पायत बसू? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, कापसाची गाडी घेऊन बाजार समितीत गेलात की काट्यावरून तुमची नजर हलत नाही. काटापट्टी हातात पडल्याशिवाय तुम्ही घरी येत नाही, आणि त्यासाठी तुम्हाला कुणी व्यापारी म्हणत नाही. कादंबरी देताना मात्र कागद न वाचता सही केलीत. तुम्ही एकटे नाही. माझ्याकडे येणारे निम्मे लेखक असेच येतात आणि वर ‘पैशाचं बोलणं बरं दिसत नाही’ असंही म्हणतात. समोरचा मात्र ते बोलून बसलेला असतो.

आधी मालकीचं बघू. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे लिहिणारा हाच पहिला मालक. त्यासाठी सातबाऱ्यासारखी नोंद लागत नाही. नोंदणी करता येते, पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण सक्तीची नाही. तुम्ही सही करून हक्क दिलेत हे खरं, पण किती दिले हा प्रश्न आहे. कलम 19 सांगतं की अशा करारात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती रॉयल्टी किंवा मोबदल्यावर दिले ते लिहिलेलं असावं. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. म्हणजे तुमचं शेत विकलं गेलेलं नाही, फार तर मक्त्याने गेलंय, तेही जून 2029 पर्यंत.

त्याच कलमातलं चौथं पोटकलम तुमच्या जास्त कामाचं आहे. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात जो हक्क वापरलाच नाही, त्या हक्कापुरतं हस्तांतरण संपलं असं मानलं जातं, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. तुमच्या प्रकाशकाने पुस्तक छापलं, म्हणून छापण्याचा हक्क त्याच्याकडे आहे असं तो म्हणू शकतो. पण मालिका किंवा चित्रपटासाठी जून 2025 पर्यंत त्याने काहीही केलेलं नसेल, तर तो हक्क तुमच्याकडे परत आलाय, असं मी ठामपणे मांडेन. मुळात नुसत्या ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत मालिकेचा हक्क येतो का, हाही वाद आहेच. तोवर दुसरी आवृत्ती स्वतः छापू नका. मोह होईल, पण तिथे तुमची बाजू कच्ची आहे.

आता 240 प्रतींचं. ‘छापून तयार आहेत, गोदामात आहेत’ असं उत्तर येईल. त्यावर छापखान्याचं बिल मागा. पैसे घेऊन पुस्तक काढणारे काही जण आधी थोड्याच प्रती छापतात आणि बाकीच्या ‘मागणी आली की’ छापू म्हणतात. नोटीस स्पीड पोस्टने पाठवा, पोहोच जपून ठेवा. दाद लागली नाही तर तुमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच दाद मागता येते, त्यामुळे करारात ‘पुणे न्यायालय’ असलं तरी पुण्याचे हेलपाटे वाचतील. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत मात्र प्रती मिळायच्या होत्या त्या पाडव्यापासून 2 वर्षं, म्हणजे साधारण मार्च 2027 पर्यंत. ‘लेखक हा ग्राहक नाही, हा धंदा आहे’ असा आक्षेप समोरून येणार. तेव्हा पैसे प्रकाशनसेवेसाठी दिले होते हे दाखवणारी पावती आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश ठेवा. फोन बदलू नका, निदान विकू तरी नका.

मालिकेवाले घाईत असतात आणि त्यांचा करार वीस-पंचवीस पानांचा असतो. त्यांच्याकडून आधी इसार घ्या, 12 किंवा 18 महिन्यांचा. तेवढ्या वेळात चित्रीकरण सुरू झालं नाही तर हक्क परत आणि इसार तुमचा, असं लिहून घ्या. श्रेयनामावलीत नाव कसं येणार तेही. ‘कुणी दावा केला तर सर्व भरपाई लेखक देईल’ असं कलम असेल तिथे थांबा. तुमच्या कादंबरीतला सरपंच गावातल्या कुणासारखा दिसत असेल, तर हे कलम तुमच्या सहा एकरांवर येऊन बसेल.

कथेची मोडतोड केली तर? कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 ने त्यावर हरकत घेण्याचा हक्क, बाकीचे हक्क विकल्यावरही, लेखकाकडे राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरच्या चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने 1986 साली हे मान्य केलं होतं. पण प्रत्येक बदल म्हणजे मोडतोड नव्हे. शेवट बदलणार का, हे आत्ताच विचारा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. आठवड्यातली एक संध्याकाळ कागदांना द्या, एरवी ती फाइल टेबलावर ठेवू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत तुम्ही लिहीत नसालच, नोटिशीचं काम तेव्हाच उरकून घ्या. प्रकाशकाचा फोन आला तर ‘लेखी कळवा’ म्हणा आणि ठेवून द्या. लिहायला बसल्यावर तर उचलूच नका.

आणि कराराच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. मुद्रांकाच्या पाठीमागेही कधीकधी दोन ओळी असतात, आणि वर सांगितलेलं एक वर्ष आणि पाच वर्षं त्या ओळींवरच अवलंबून आहेत. त्या वाचून होईपर्यंत मुंबईच्या माणसाला होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका.