ब्रेक धरतंय कोण, तेल की लोखंड?

प्रश्न : आमची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. सकाळी गंगापूर रोडला निघाल्यावर छान पळते. पाच-सहा किलोमीटरनंतर जड होते, चढावर दम टाकते आणि थांबून पाहिलं तर चारही ड्रम (चाकाआतले ब्रेकचे लोखंडी डबे) चटका बसेल इतके तापलेले असतात. अर्धा तास उभी केली की पुन्हा मोकळी. मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर चाकांकडे तेल ढकलणाऱ्या मुख्य पंपाचं) रबरी किट बदललं तेव्हापासून हे सुरू आहे. आता लायनर (ड्रमवर घासणारं अस्तर) बदला असं सांगतात. – एक वाचक, नाशिक

उत्तर : लायनरला हात लावू नका. किट बदलल्यापासून त्रास सुरू झाला आणि चारही चाकं एकदम धरतात, म्हणजे दोष चौघांच्या सामाईक जागी, मास्टर सिलिंडरपाशी आहे.

ब्रेक ऑइलच्या टाकीतून सिलिंडरमध्ये सुईच्या टोकाएवढं एक बारीक भोक उतरतं. पेडल सोडल्यावर रबरी कपाने या भोकाच्या मागे सरकलंच पाहिजे. पुशरॉड (पेडलकडून पिस्टनला ढकलणारी कांडी) जरा लांब राहिला तर कप भोकावरच बसून राहतो. मग गाडी चालून तेल तापलं, फुगलं, की त्याला टाकीत परतायला वाट नसते. ते शू (लायनर बसवलेल्या कमानी) ड्रमवर दाबतं, शू घासून आणखी उष्णता, तेल आणखी फुगतं. गार झालं की सगळं सुटतं. तुमची अर्ध्या तासाची गंमत हीच.

खात्री अशी करा : ब्रेक धरलेला असतानाच मास्टर सिलिंडरवरच्या पाइपचा नट, खाली फडकं धरून, अर्धा फेरा ढिला करा. गाडी सपाट जागी हवी आणि चाकांना गुटके लावलेले हवेत. तेल उडून चाकं मोकळी झाली तर निदान पक्कं. नट घट्ट करून, गाडी हलवण्याआधी सिस्टिममधली एअर (तेलात शिरलेली हवा) काढा.

आता पेडल बोटाने दाबून पाहा. पुशरॉड पिस्टनला लागेपर्यंत पेडल साधारण ६ ते १० मिलिमीटर मोकळं हललं पाहिजे. हलत नसेल तर पुशरॉडचा लॉकनट ढिला करून रॉड आखूड करा. त्याआधी पेडलची स्प्रिंग मेलेली नाही ना, ब्रेक लाइटचा स्विच किंवा पायाखालचं जाड मॅटिंग पेडलला अडवत नाही ना, हेही बघा. कित्येकदा खलनायक मॅटिंगच निघतं. मग टाकीचं झाकण काढून दुसऱ्याला पेडल अगदी हलकं दाबायला सांगा. सुरुवातीच्या हालचालीला तेलात बारीकसा उमाळा दिसला तर भोक उघडं आहे. मान फार खाली घालू नका, उमाळा कधी डोळ्यापर्यंत येतो.

एवढं करूनही उमाळा नसेल तर सिलिंडर खोला. भोकातला कचरा मऊ तांब्याच्या तारेने काढा. सुई घालाल तर आत खरखर उठेल आणि नवा कप पंधरा दिवसांत चिरेल. कप फुगून भुसभुशीत झाला असेल, तर किट बसवताना कोणीतरी पेट्रोलने धुतलंय किंवा टाकीत इंजिन ऑइल गेलंय. इंजिन ऑइल गेलं असेल तर वाईट बातमी : चारही चाकांच्या व्हील सिलिंडरची (चाकात शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरची) रबरं आणि सगळे होजही (रबरी नळ्या) बदलावे लागतील. हे भाग धुवायचे ते ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने.

प्रश्न : अँबेसेडर पावसाळाभर हँडब्रेक ओढून अंगणात उभी होती. आता मागचं डावं चाक हलतच नाही. – एक वाचिका, नाशिकरोड

उत्तर : हे तेलाचं नाही, लोखंडाचं काम. दमट हवेत ड्रमला गंज चढतो आणि लायनर त्याला चिकटतो. फर्स्ट गिअर टाकून हिसका देऊ नका. लायनर शूवरून उपटून येतो. गंज सोडवणारं तेलही फटीतून मारू नका, लायनर ते पिऊन घेतो आणि मग तो फेकूनच द्यावा लागतो.

पुढच्या चाकांना गुटके, मागे जॅक आणि गाडीखाली स्टँड. हँडब्रेक सोडा. चाक काढा, ॲडजस्टर (शू आणि ड्रममधली फट ठरवणारा भाग) पूर्ण ढिला करा, ड्रमचे स्क्रू काढा. लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने ड्रमच्या घेरावर फिरवत-फिरवत ठोका. सुटला की आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा, तोंडावर मास्क ठेवा.

आता हँडब्रेकची केबल सोडून हाताने ओढून बघा. आत-बाहेर सरकत नसेल तर ती बदला. केबलला वंगण घालून महिनाभर भागतं, मग पुन्हा तेच. व्हील सिलिंडरचं रबरी बूट उचला. खाली गंजाची ओली राड असेल तर पिस्टन काढा. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, ब्रेक ऑइलमध्ये भिजवून, गोल फिरवत साफ करा. नखाला खड्डा लागला तर सिलिंडर नवा घ्या किंवा सातपूर-अंबडकडच्या चांगल्या लेथवाल्याकडून स्टीलची स्लीव्ह बसवून घ्या. शू जिथे बॅकप्लेटला (शूमागच्या थाळीला) घासतात, तिथे उष्णता सोसणारं ग्रीस, नखाएवढंच.

पुढच्या पावसाळ्यात गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना गुटके लावा, हँडब्रेक ओढू नका.

प्रश्न : फक्त पुढचं उजवं चाक तापतं, गाडी उजवीकडे ओढते. व्हील सिलिंडर नवा आहे. – एक वाचक, सिडको

उत्तर : चाक जॅकवर घ्या. धरलेलं असताना त्याच चाकाचा निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडा. तेलाची पिचकारी उडून चाक सुटलं, तर होज आतून फुगलाय. पेडलच्या जोराने तेल जातं, परत येत नाही. बाहेरून होज नवाकोरा दिसेल, फसू नका. पुढचे दोन्ही होज जोडीने बदला. चाक सुटलंच नाही तर शू, स्प्रिंग किंवा ॲडजस्टर बघा.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ (डब्यावर लिहिलेला दर्जा), सीलबंद डब्यातलं. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, हवेतलं पाणी प्यायलं की १४० पर्यंत खाली येऊ शकतं, म्हणून दर २ वर्षांनी बदला. एअर काढताना मागच्या डाव्या चाकापासून सुरू करा, ते मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांब. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, पुसत बसलात तर रंग निघून येईल.