वाचकांचे प्रश्न : विजेच्या हॉट प्लेटवरचा स्वयंपाक

कॉलेजे सुरू झाली की नाशिकमध्ये खोली घेऊन राहणारी मुले-मुली वाढतात, आणि अनेक घरमालक खोलीत गॅस ठेवू देत नसल्यामुळे त्यांच्या सामानात विजेची हॉट प्लेट हमखास असते. या महिन्यातील बरीच पत्रे त्याच विषयावरची असल्यामुळे हे सदर त्यालाच दिले आहे. लांबलेली पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही सुरगाण्याचे. मुलगी कॉलेज रोडला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. तिला १५०० वॉटची, काळ्या गोल तबकडीची हॉट प्लेट घेऊन दिली आहे. तिची तक्रार अशी की, भाकरी सुरुवातीला कच्ची राहते आणि नंतर नेमकी मधोमध करपते. शिवाय प्लेटवरचा लाल दिवा मधूनच विझतो. तवा आमच्या घरचाच, चांगला वापरातला आहे. प्लेट बदलून घ्यावी का? आणि नागलीची (नाचणीची) भाकरी तिच्यावर होते का?

उत्तर : प्लेट बदलण्याची गरज नाही, बदलायचा तो तवा. घरचा भाकरीचा तवा बहुधा थोडा खोलगट असतो आणि गॅसवर ते सोयीचेच ठरते, कारण ज्योत तव्याच्या तळाला सगळीकडून वेढते. हॉट प्लेटला ज्योत नाही. तिच्यावर तव्याचा जेवढा भाग तबकडीला टेकतो तेवढाच थेट तापतो आणि बाकीच्या भागाला उष्णता मधल्या हवेतून, म्हणजे फार सावकाश मिळते. खोलगट तव्याचा टेकणारा भाग मधला असतो, म्हणून भाकरी मध्ये करपते आणि कडेला पांढरी राहते. जाड, सपाट तळाचा बिडाचा तवा घ्यावा आणि त्याचा तळ तबकडीएवढा किंवा बोटभर मोठा असावा. विकत घेताना त्यावर लोखंडी पट्टी उभी धरून पाहावी; पट्टीखालून उजेड दिसला तर तो तवा ठेवून द्यावा.

दिवा विझणे हा बिघाड नाही. अशा प्लेटमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंची जोडलेली पट्टी असते. ठरलेल्या तापमानाला ती वाकते आणि वीजपुरवठा तोडते, तबकडी थोडी निवली की पुन्हा जोडते. बारीक ‘टक्’ असा आवाज येतो तो त्याचाच. दिवा फक्त वीज चालू आहे एवढेच सांगतो, तबकडी गरम आहे की गार हे सांगत नाही, त्यामुळे दिवा विझला म्हणून कोणीही तबकडीला हात लावू नये. बटण मध्यम खुणेवर ठेवल्याने १५०० वॉटचे ७५० वॉट होतात, असा अनेकांचा समज असतो. तसे होत नाही. चालू असताना प्लेट पूर्ण १५०० वॉटच ओढते, फक्त बंद राहण्याचा काळ वाढतो. पुढच्या पत्राच्या उत्तरात या गोष्टीचा पुन्हा संबंध येईल.

आता वेळेविषयी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळते. २५ अंशांचे एक लिटर पाणी तेथपर्यंत न्यायला १५०० वॉटला निव्वळ हिशेबाने साडेतीन मिनिटे पुरतात. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, कारण ओतीव लोखंडाची जड तबकडी आधी स्वतः तापते आणि काही उष्णता खोलीतही जाते. संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेव्हा हा वेळ आणखी वाढतो. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर १५०० वॉटची प्लेट सुमारे ११३० वॉटच देते, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून मुलीने पीठ मळायच्या आधीच तवा प्लेटवर ठेवून बटण चालू करावे आणि आठ-दहा मिनिटांनी पाण्याचे दोन थेंब टाकून पाहावे. थेंब गोळी होऊन तव्यावर पळू लागले तर तवा जास्तच तापला आहे, बटण एक खूण मागे घ्यावे. नुसते चुरचुरून आटले तर भाकरी टाकायला हरकत नाही.

नागलीची भाकरी उत्तम होते, मात्र पिठाला चिकटपणा कमी असल्यामुळे उकळत्या पाण्यात उकड काढून, ती कोमट असतानाच मळावी. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकत आले की उलटावी आणि दुसरी बाजू पूर्ण भाजू द्यावी. गॅसवर आपण शेवटी भाकरी ज्योतीवर धरतो. येथे ते शक्य नाही, म्हणून पुन्हा उलटून घडी केलेल्या फडक्याने कडा हलक्या दाबाव्यात, म्हणजे आतली वाफ कोंडून भाकरी फुगते. तुमच्या प्लेटसारख्या सलग लोखंडी तबकडीवर पापडाची जाळी ठेवून शेकता येते. उघड्या कॉइलच्या शेगडीवर मात्र जाळी कधीही ठेवू नये. त्या तारेतून प्रत्यक्ष वीज वाहत असते आणि धातूची जाळी तारेला टेकली तर हाताला जबर झटका बसू शकतो. शेवटची भाकरी तव्यावर असतानाच बटण बंद करावे. उरलेल्या उष्णतेवर ती भाजून होते. या प्लेटचा सगळा स्वयंपाक असा दोन पावले आधी विचार करून करावा लागतो, आणि एकदा तो अंदाज बसला की तक्रारीला जागा उरत नाही.

कुकरही तिला खुशाल देता येईल. अॅल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही, हॉट प्लेटवर तापतो. डाळ-भाताला नेहमी तीन शिट्ट्या घेत असाल तर येथे दुसरी झाली की बटण बंद करावे, तिसरी तबकडीच्या धगीवर आपोआप होते.

प्रश्न : मी सिडकोत राहतो आणि अंबडच्या कारखान्यात कामाला आहे. खोलीत एक्स्टेन्शन बोर्डावर १५०० वॉटची हॉट प्लेट चालवतो. हल्ली स्वयंपाक होईपर्यंत प्लग हाताला चटका बसण्याइतका तापतो आणि बोर्डाच्या एका भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी झाले आहे. शेजारचे म्हणतात, बटण कमी खुणेवर ठेव म्हणजे भार कमी होईल. खरे आहे का?

उत्तर : खरे नाही. कारण वर दिलेच आहे : कमी खुणेवरही प्लेट चालू असताना पूर्ण १५०० वॉट घेते. २३० व्होल्टला त्याचा प्रवाह साडेसहा अँपियर होतो आणि तुमच्या बोर्डावरची लहान भोके सहा अँपियरची आहेत. थोडक्या जास्तीने काय बिघडते, असे वाटेल. पण पंखा किंवा मोबाइलचा चार्जर कधीच एवढा भार घेत नाहीत आणि ही प्लेट रोज तासभर घेते. त्यात भोकातील पितळी पकड ढिली झाली की पिनेचा स्पर्श अपुरा होतो, तेथेच उष्णता निर्माण होते, उष्णतेने पकड आणखी ढिली पडते आणि प्लास्टिक आधी तपकिरी, मग काळे होऊन वितळू लागते. तुमचा बोर्ड यातल्या पहिल्या पायरीवर आहे. तो आजच काढून टाकावा. घासून-पुसून, पिना वाकवून पुन्हा वापरण्याच्या फंदात पडू नये.

प्लेट भिंतीतल्या सोळा अँपियरच्या पॉइंटवरच लावावी. वायरमन त्याला पॉवर पॉइंट म्हणतात. जुने लोक पंधराचा पॉइंट म्हणतात. त्याची भोके मोठी असतात आणि त्याच्यामागे साधारणपणे अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची तार असते, दिव्या-पंख्यांच्या पॉइंटला त्याहून बारीक असते. नुसते सॉकेट बदलून बारीक तारेवर मोठी भोके बसवून देणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून काम चालू असताना समोर उभे राहून तार पाहावी. सोळाच्या जाड पिना सहाच्या भोकात बसवणारे जोडप्लग मिळतात, तेही या कामाला वर्ज्य समजावेत.

खोलीत पॉवर पॉइंट नसेल आणि घरमालक तो करून देत नसतील, तर १००० वॉटची प्लेट घ्यावी. तिचा प्रवाह सव्वाचार ते साडेचार अँपियर असतो आणि भिंतीतल्या चांगल्या घट्ट सहाच्या सॉकेटला तो पेलतो, मात्र त्या बोर्डावर त्या वेळी दुसरे काही लावू नये. हे थंडीत विशेष लक्षात ठेवावे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी एका बादलीत पाणी तापवायची कांडी आणि शेजारी चहाची प्लेट असे दोन्ही एकाच बोर्डावर चालू दिसते. दोन्ही १५०० वॉटची असतील तर तेरा अँपियर झाले. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज आपोआप तोडणारी कळ, पडली की तिला दोष देऊन वर करणारे पुष्कळ असतात. ती पडते आहे तोवर नशीब समजावे.

प्लगची तिसरी, जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. ती कापून टाकू नये, आणि खोलीला अर्थिंग खरोखरच आहे का हे वायरमनकडून टेस्टिंग बल्ब लावून पाहून घ्यावे. घरात तीस मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ, असेल तर फारच उत्तम. एमसीबी तारेला वाचवते. माणसाला वाचवण्याचे काम आरसीसीबीचे असते.

प्रश्न : बटण बंद करूनही दूध उतू जाते. तबकडीवर सांडलेले दूध लगेच ओल्या फडक्याने पुसले तर चालते का? (एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

उत्तर : बटण बंद केले तरी तबकडी बराच वेळ धगधगीत राहते, त्यामुळे दूध वर येऊ लागले की बटणाकडे नव्हे, पातेल्याकडे हात जावा. सांडशीने पातेले उचलून बाजूला ठेवावे. त्यासाठी प्लेटशेजारी फरशीचा तुकडा आधीच मांडून ठेवावा. गरम लोखंडी तबकडीवर ओले फडके किंवा पाणी घालू नये, ती तडकण्याचा किंवा वाकण्याचा धोका असतो आणि वाफेने हातही भाजतो. प्लग काढून पूर्ण निवू द्यावी, मग करपलेला थर लाकडी उलथन्याने खरवडून ओलसर फडक्याने पुसावी. गंज येऊ नये म्हणून शेवटी तेलाचे बोट फिरवून दोन मिनिटे तापवावी. थोडा धूर होतो, खिडकी उघडी ठेवावी.

प्रश्न : आम्ही दोघेच नाशिक रोडला राहतो. गॅस सोडून सगळा स्वयंपाक हॉट प्लेटवर केला तर परवडेल का?

उत्तर : दर बदलत राहतात, म्हणून हिशेब युनिटांत देतो; तुमच्या बिलावरचा दर घालून गुणाकार करावा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधील गॅसची उष्णता सुमारे १८० युनिट विजेइतकी असते. चांगल्या गॅस शेगडीवर त्यातली साधारण ६८ टक्के भांड्यात जाते, म्हणजे १२० युनिटांच्या आसपास. हॉट प्लेटवर तळ नीट टेकत असेल तर ७० टक्के धरावेत. म्हणजे एका सिलिंडरच्या जागी पावणेदोनशे युनिट वीज लागेल. तुमचा सिलिंडर दोन महिने पुरत असेल तर महिन्याला ८५ ते ९० युनिट वाढतील. येथे एक मेख आहे : महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांना पायरीने वाढतात. तुमचा आजचा वापर शंभराच्या जवळपास असेल, तर वाढलेली बहुतेक युनिटे पुढच्या महाग पायरीच्या दराने मोजली जातील. माझे मत विचाराल तर दोघांच्या घरी गॅस ठेवावा, आणि सिलिंडर संपल्यावर अडू नये यासाठी प्लेट असू द्यावी. गॅस पूर्ण सोडायचाच असेल तर इंडक्शनचा विचार करावा, तिच्यात उष्णता वाया कमी जाते.

प्रश्न : भांडी बाजारातून घेतलेली आमची पितळी पातेली आहेत, आतून कल्हई केलेली. नातू हॉट प्लेट घेऊन आला आहे. त्यावर ती वापरावी का? (एक आजी, पंचवटी)

उत्तर : आजी, पातेल्यांचे तळ बघा. बहुतेक जुन्या पितळी पातेल्यांचा तळ गोलसर असतो, तो तबकडीवर डगमगतो आणि तापतही नाही. ती गॅसवरच राहू द्यावीत. तळ सपाट असेल तर आमटी, वरण, पातळ भाजी जरूर करावी, कारण आत पाणी असेपर्यंत भांड्याचा तळ फारसा तापत नाही. कोरडे मात्र काही भाजू नये आणि फोडणीसाठी रिकामे पातेले तापत ठेवू नये. कल्हई म्हणजे कथिलाचा मुलामा. कथिल २३२ अंशांना वितळते आणि मोठ्या खुणेवरची तबकडी त्याच्या पुढे सहज जाते. गॅस बंद केला की ज्योत जाते, येथे धग मागे राहते आणि पातेल्यातली आमटी काढून घेतल्यावर रिकामे भांडे तसेच प्लेटवर राहिले तरी कल्हई ओघळून तळाशी गोळा होऊ शकते. फोडणी लहान लोखंडी पळीत वेगळी करून वरून घालावी. तळाला तांबूस-पिवळे डाग दिसू लागले असतील तर पुन्हा कल्हई करून घेईपर्यंत त्या पातेल्यात ताक, चिंच, आमसूल असे आंबट काही शिजवू नये किंवा ठेवू नये.