घरात मांजर आणि कुत्रा असताना बाल्कनीत कोणत्या औषधी व मसाल्याच्या वनस्पती लावाव्यात?

आपल्या घरी एक वर्षाची मांजर आणि एक कुत्रा आहे, दोघांनाही पाने चावायची सवय आहे आणि तरीही स्वयंपाकात वापरता येतील अशा वनस्पती बाल्कनीत लावायच्या आहेत, असे आपण लिहिले आहे. माझ्या घरी दोन मांजरी आणि एक कुत्री आहे आणि कुंड्याही पुष्कळ आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देते.

आजीच्या बटव्यातली वनस्पती कुणालाच बाधणार नाही, असे आपण धरून चालतो, आणि नेमकी तिथेच चूक होते. कोरफड, पानओवा आणि लसूण ही आपल्याकडची घरगुती औषधे, पण मांजर-कुत्र्यांना तिन्ही बाधतात. कोरफडीचे पान कापल्यावर सालीखालून जो पिवळसर चीक पाझरतो, त्याने त्यांना उलट्या आणि जुलाब होतात. ज्या पानओव्याची आपण भजी करतो, त्यानेही उलट्या होतात आणि कधीकधी जुलाबातून रक्त पडते.

कांदा आणि लसूण यांच्या बाबतीत मात्र मी अतिशय आग्रही आहे, कारण त्यांचा परिणाम पोटापुरता राहत नाही. त्यांतील गंधकयुक्त घटकांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात आणि प्राण्याला पंडुरोग होतो. मांजरीला तिच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण 5 ग्रॅम कांदा बाधू शकतो, म्हणजे 4 किलोच्या मांजरीला जेमतेम 20 ग्रॅम. लसूण तर कांद्याहून तीव्र असतो. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही. शिवाय लक्षणे बहुधा दोन-चार दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, प्राणी मलूल होतो, आणि तोवर त्याने पात खाल्ली होती हे आपण विसरून गेलेलो असतो. एका सकाळी माझ्या लसणाच्या पातीवर टोचणीने पाडावीत तशी बारीक भोके ओळीने दिसली, ती मांजरीच्या दातांची होती. त्याच दिवशी ती कुंडी मी घराबाहेर काढली. आपणही कांद्याची पात, लसणाची पात आणि चाइव्ह्ज कितीही उंचावर लावता येत असली तरी लावू नका, कारण मांजरीला उंची अडवत नाही.

निर्धास्तपणे लावाव्यात अशा वनस्पती म्हणजे कोथिंबीर, सब्जा, रोझमेरी आणि थाईम. इटालियन बेसिल म्हणून जे महागडे रोप विकले जाते, ते सब्जाच्याच जातीचे असते, त्यामुळे घरात सब्जाचे बी असेल तर तेच पेरावे. रोझमेरीची माती दोन पाण्यांच्या मध्ये वाळू द्यावी आणि पावसाळ्यात कुंडी आडोशाला ठेवावी. पुदिना आणि गवती चहा एखाद्या पानाने घात करत नाहीत, पण भरपूर खाल्ल्यास पोट बिघडते, म्हणून ते टांगत्या कुंडीत लावावेत.

मांजरीसाठी वेगळी कुंडी ठेवलीत तर तिचे लक्ष आपल्या रोपांवरून बरेचसे हटते. नवरात्रात घटासाठी धान्य रुजत घालतो, तसे रात्रभर भिजवलेले गहू पसरट कुंडीत दाट पेरावेत आणि वर मातीचा पातळ थर द्यावा. आठवडाभरात वीतभर गवत येते, आणि ते पिवळे पडू लागले की दुसरी कुंडी तयार ठेवावी.

झाडांइतकेच मातीत काय घालतो याकडेही लक्ष द्यावे, आणि हे मला फार उशिरा कळले. नुसते ‘सेंद्रिय खत’ असे लिहिलेली एक पिशवी मी आणली होती. त्यात एरंडीची पेंड होती. दुसऱ्याच दिवशी कुत्रीने कोथिंबिरीची कुंडी उकरली, संध्याकाळपर्यंत तिला उलट्या सुरू झाल्या आणि दोन दिवस सलाइनवर ठेवावे लागले. एरंडीच्या पेंडीत रिसिन हे जहाल विष राहिलेले असू शकते आणि पेंडीच्या वासाने कुत्री तिच्याकडे ओढली जातात. मी आता फक्त पूर्ण कुजलेले शेणखत आणि गांडूळखत वापरते. गोगलगायींसाठी मिळणारे मेटाल्डिहाइडचे दाणे तर अशा घरात आणूच नयेत.

एवढे करूनही काही खाल्ल्याची शंका आली, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, कारण मिठाचीच बाधा होऊ शकते, आणि उतारा म्हणून दूधही पाजू नये. लगेच पशुवैद्यांना फोन करावा, आणि जाताना त्या झाडाची फांदी किंवा खताची पिशवी बरोबर न्यावी.